नव्या स्वाराला पहिली गाडी कोणती?

घरात पोरगा अठरा वर्षांचा झाला की पूर्वी विषय निघे तो औताचा, नाहीतर लग्नाचा. हल्ली निघतो तो मोटारसायकलचा. उसाचे बिल जमा झाले, द्राक्षाचा व्यापारी पैसे देऊन गेला किंवा एखादी म्हैस विकली की पोरगा कट्ट्यावरून गाड्यांची नावे ऐकून येतो आणि जेवताना हळूच आईजवळ गोष्ट काढतो. आई बापाला सांगते, बाप म्हणतो पुढच्या वर्षी बघू, आणि मग एक दिवस कोणीतरी वैतागून म्हणते, घ्या एकदाची आणि मिटवा. बहुतेक घरांत गाडी येते ती अशी. बैल घ्यायचा असला तर आपण दात बघतो, खूर बघतो, चार तास औताला चालवून बघतो आणि मग पैसे मोजतो. मोटारसायकल मात्र रंग बघून घेतो. म्हणून आमच्या घरी ही खरेदी कशी झाली ते चार शेतकरी कुटुंबांना सांगावे असे मनात आले.

गाडी घ्यायची होती माझ्या पुतण्याला. माझे थोरले बंधू २०१६ साली आजारपणात गेले, तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. वहिनींचा एकुलता एक. २०२३ च्या जूनमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली आणि तालुक्याच्या कॉलेजात नाव घातले. आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत. तिथून कॉलेज चौदा किलोमीटर. सकाळची एसटी सव्वासहाला, ती चुकली की साडेनऊशिवाय दुसरी नाही. पावसाळ्यात पाणंदीतून गावापर्यंत यायचे म्हणजे चप्पल हातात घ्यावी लागते.

वहिनींचे म्हणणे एकच, गाडी नको. त्या जास्त बोलणाऱ्या नाहीत. "भावजी, एसटी काय वाईट आहे?" एवढेच त्या म्हणत आणि भाकरी थापू लागत. त्यांच्या मनात काय होते ते सगळ्यांना ठाऊक होते; तोंडाने कोणी म्हणत नव्हते. मलाही आधी वाटले, वर्षभर ढकलावे. पण त्या पावसाळ्यात महिन्याभरात तीन वेळा मी त्याला पाहिले, ते कोणाच्या तरी गाडीवर तिसरा बसलेला. चालवणारा त्याच्याच वयाचा, हेल्मेट एकालाही नाही. तेव्हा मी वहिनींना सांगितले, की पोरगा गाडीवर बसणार की नाही हा प्रश्न आता आपल्या हातात राहिलेला नाही. तो बसतोच आहे. कोणत्या गाडीवर बसावा आणि कोणी शिकवलेल्या हाताने ती चालवावी, एवढेच आपल्याला ठरवता येईल.

सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने छापलेले २०२२ सालचे आकडे त्याच सुमारास माझ्या वाचनात आले. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसल्याने गेलेले म्हणून ज्यांची नोंद झाली ती माणसे ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेली १४,३३७. आपल्याला वाटते अपघात पुण्या-मुंबईच्या गर्दीत होतात. पण मरणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे ग्रामीण भागातील रस्त्यांवर गेली. हे आकडे मी वहिनींना दाखवले नाहीत. पुतण्याला मात्र दाखवले.

आता त्याला काय हवे होते ते सांगतो. पुढे वाकून बसायची, टाकी उंच, मागची सीट तळहाताएवढी आणि तीही हातभर वर, अशी दोनशे सीसीची स्पोर्ट गाडी. कॉलेजात दोघातिघांकडे तशी होती. मी त्याला हसलो नाही. त्याच्या वयाला ती गाडी आवडली नाही तरच नवल. आमच्या घरी १९८६ साली वडिलांनी जुनी राजदूत आणली होती, तेव्हा मी आणि थोरले बंधू रात्री कंदील घेऊन तिच्याकडे बघायला गोठ्यात जात होतो. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचे, किक उलटली तर नडगी सोलून निघायची, पण आम्हाला ती विमानासारखी वाटे. त्या काळी निवड करायला फारसे नव्हतेच. जे मिळेल ते आणि ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून. आता निवड एवढी आहे की त्यातच माणूस फसतो.

पुतण्याशी मी गाडीच्या भाषेत न बोलता मोटरीच्या भाषेत बोललो. आपल्या विहिरीवर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे. शंभर सीसीची साधी गाडी, आपली नेहमीची स्प्लेंडर म्हणा, आठ अश्वशक्तीची असते. म्हणजे विहिरीवरची मोटर दोन चाकांवर ठेवून आपण फिरतो. हेसुद्धा काही कमी नव्हे. तू म्हणतोस ती दोनशे सीसीची गाडी पंचवीस अश्वशक्तीची. तीन विहिरींच्या मोटरी एका मुठीत. शिकलेला माणूस ती मूठ गव्हाच्या दाण्याएवढी पिळतो. नव्या माणसाचे तसे नसते. त्याची मूठ खड्ड्यात हिसका बसला की आपोआप पिळली जाते, कारण तोल जाताना माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो आणि अंग मागे टाकतो. साध्या गाडीत अशा वेळी इंजिन ओरडते, गाडी थोडी पुढे उडी घेते आणि स्वार सावरतो. ताकदीच्या गाडीत सावरायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे नव्या औत्याच्या हातात खिलार खोंडाचा कासरा कोणी देत नाही. त्याला घरातला जुना, शिकलेला बैल देतात. तास वाकडा गेला तरी तो बैल थांबतो, मागे बघतो, पोराने ओढाताण केली तरी उधळत नाही. दोन हंगाम गेले की तोच पोरगा खोंड शिकवायला घेतो. गाडीतही अशी शिकलेल्या बैलासारखी गाडी असते, आणि पहिली तीच हवी, हे माझे मत मी त्याला सांगितले. त्याला ते पटले असे नाही. "काका, बैलाला ब्रेक नसतो," म्हणाला. तेही खरेच.

मग आम्ही दुकाने फिरलो. मी, तो आणि वहिनी. वहिनी यायला तयार नव्हत्या; मी म्हटले, पाठीमागे तुम्हालाच बसायचे आहे, तुम्ही न बघता गाडी घ्यायची कशी? तालुक्याच्या तिन्ही शोरूममध्ये विक्रीची पोरे त्याच्याशी बोलत, माझ्याकडे बघत आणि वहिनींना खुर्ची देत. म्हणजे बोलणे गाडीच्या शौकिनाशी, लक्ष पैशावर, आणि जिला बसायचे ती बाजूला. मी त्यांना सांगितले की आधी आम्हाला गाडी ढकलू द्या.

ढकलून बघण्यासारखी परीक्षा नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, आणि स्वाराने ती एकट्याने दहा पावले मागे आणि दहा पावले पुढे न्यायची. मग डबल स्टँडवर चढवायची आणि उतरवायची. पाणंदीत चिखल असतो, गोठ्याच्या दारात उतार असतो, पंक्चर कारखान्याच्या रस्त्यावर रात्री नवाला होते. तिथे गाडीची ताकद उपयोगाची नाही, आपली लागते. शंभर सीसीची साधी गाडी ११० किलोच्या थोडी वर असते. १५० सीसीच्या कित्येक गाड्या १४५ ते १५० किलो, दोनशेच्या त्याहूनही जड, आणि साडेतीनशे सीसीची बुलेटजातीची १९० च्या वर. पुतण्या पंचावन्न किलोचा. दोनशेची गाडी त्याने पुढे नेली. मागे घेताना ती त्याच्या अंगावर कलली आणि दुकानातल्या पोराने धरली. कोणी काही बोलले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा विचार दिसला.

दुसरी गोष्ट पायाची. नवा स्वार थांबताना पडतो, चालताना फार कमी. थांबताना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला भक्कम टेकले पाहिजेत. साध्या गाडीची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरच्या आसपास, त्या स्पोर्ट गाडीची ८२२. हा दीड इंचाचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण रस्ता कधी सपाट नसतो. एक पाय खड्ड्यात गेला की तो दीड इंच तीन इंच होतो. बघताना बूट घालून बघू नये, रोजच्या चपलेवर बघावे.

तिसरी परीक्षा वहिनींची. त्या स्पोर्ट गाडीच्या मागे बसायला गेल्या आणि बसूच शकल्या नाहीत. सीट उंच, उतरती, आणि धरायला काही नाही. विक्रीचा पोरगा म्हणाला, "मावशी, पोराच्या खांद्याला धरा." वहिनी म्हणाल्या, "आणि त्याने ब्रेक दाबला तर त्याला घेऊनच पुढे जाऊ का?" मला त्यांचे कौतुक वाटले. गाडीवर मागच्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असली पाहिजे, असा आपल्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. तो आहे तो पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून. साडीचा पदर चाकात जाऊन बायामाणसे रस्त्यावर आपटल्याचे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले किंवा ऐकले असेल. पोरे गाडी घरी आली की आठ दिवसांत ती जाळी काढून माळ्यावर टाकतात, शोभत नाही म्हणून. ज्या घरात आई, बहीण, बायको मागे बसणार आहे त्या घराने ही जाळी काढू देऊ नये.

ब्रेकविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण गावाकडे याबाबत फार चुकीची समजूत आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, असे म्हणून आपली पोरे आयुष्यभर पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. खरी गोष्ट अशी, की गाडी थांबू लागली की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके पडते. हलक्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी ते चाक नुसते घसरते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेकचेच. मात्र तो हिसक्याने दाबायचा नाही, गाईची धार काढताना बोटे आवळतात तसा क्रमाने आवळायचा, गाडी सरळ असताना दाबायचा, आणि मुरूम, वाळू, शेण, उसाचे पाचट पडलेल्या रस्त्यावर फार जपून. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत किमान दोन्ही ब्रेक जोडलेले असतात. पायाचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्यात ब्रेक जोरात दाबला तरी चाक जागच्या जागी जाम होऊ न देण्याची सोय असते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती त्या तारखेच्या आधीची की नंतरची हे जरूर बघावे.

वेगाचा हिशोबही त्याला करून दाखवला. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेलेला असतो. कोरड्या चांगल्या डांबरावर पुढे थांबायला आणखी दहाएक मीटर. म्हणजे सत्तर फुटांत काम झाले. वेग ८० केला तर एका सेकंदात २२ मीटर, आणि ब्रेकचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. सगळे मिळून साठ-पासष्ट मीटर, दोनशे फुटांच्या वर. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, कधी चाक निखळून रस्त्यातच दगड लावून उभे. गाडीच्या उजेडात ती ट्रॉली दिसते तेव्हा दोनशे फूट उरलेले नसतात. एवढे सांगितल्यावर त्याने वहीत स्वतः एकदा आकडे मांडून बघितले. पोरांना रागावण्यापेक्षा हिशोब करायला लावलेला बरा.

याच दरम्यान एक गंमत झाली. २०२३ च्या डिसेंबरात घरची मंडळी अलिबागकडे गेली होती. नागावच्या किनाऱ्यावर त्या चार जाड चाकांच्या मोटारसायकली फिरवायला देतात, त्यावर हा बसून आला आणि घरी आल्यावर म्हणाला, "काका, ही घेतली तर? चार चाकं आहेत, पडायची भीतीच नाही. शेतात खताची पोतीही नेता येतील." वहिनींनाही ते बरे वाटले. चार चाके म्हणजे बैलगाडीपेक्षा भक्कम, असा साधा हिशोब.

मी त्याची जरा माहिती काढली, ती सांगण्यासारखी आहे. ही जात आधी तीन चाकांची होती. जपानच्या होंडाने १९७० साली ती अमेरिकेत विकायला काढली. त्यावर इतकी मुले जायबंदी झाली आणि मेली, की १९८८ साली तिथल्या सरकारशी झालेल्या करारात तयार करणाऱ्यांनी तीन चाकांची नवी गाडी विकणे बंद केले, आणि चार चाकांच्या गाडीला वयाची अट आली. ९० सीसीच्या वरची सोळा वर्षांखालील मुलाला नाही. तिकडचा जाणता माणूस नव्या स्वाराला पहिली स्पोर्ट चौचाकी निवडून देताना आजही आधी वय आणि उंची बघतो, इंजिन नंतर. कारण चार चाके असली तरी ती सोपी नाही. आपल्या ट्रॅक्टरला वळताना मागची दोन चाके कमीजास्त फिरावीत म्हणून डिफरन्शियल असते. स्पोर्ट चौचाकीत ते नसते, मागचा आस सलग. त्यामुळे ती सरळ रेटत जाते, आणि वळवायची तर स्वाराला सारे अंग आतल्या बाजूला टाकावे लागते. ते न जमता बांधाच्या उतारावर एक बाजू वर झाली की ती उलटते. दुचाकी पडली तर माणूस बहुधा बाजूला फेकला जातो. चौचाकी माणसाच्या अंगावर येऊन बसते. ऑस्ट्रेलियात शेतकरी अशा गाड्या मेंढरांमागे सर्रास वापरत. तिथे शेतावर इतके मृत्यू झाले, की ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या चौचाकीला, उलटली तरी चालवणारा चिरडू नये म्हणून, लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची झाली. स्पोर्ट आणि मुलांच्या गाड्या त्या चौकटीच्या सक्तीत येत नाहीत. आणि आपल्याकडे किनाऱ्यावरची ती गाडी साधारणपणे रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे कॉलेजला जायला तिचा उपयोग शून्य. विषय तिथेच संपला. वहिनी मात्र दोन दिवस म्हणत होत्या, चार चाकं असून उलटते म्हणजे नवलच.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगतो. आमच्या शेजारच्या मळ्यात पंधरा वर्षांचा मुलगा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून डेअरीला जातो. बापाला अभिमान आहे. कायदा असा, की अठरा पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या मोटारसायकलचा परवाना नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो; २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. विमा कंपनीशी पुढे काय होते ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारावे. शेजाऱ्यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "आपल्या रस्त्याला कुठं पोलीस येतोय?" मी पुढे बोललो नाही.

मुलीबाळींसाठी, सुनेसाठी गाडी बघताना लोक डोळे मिटून बिनगिअरची स्कूटर घेतात. डांबरी रस्ता असेल तर ती उत्तम. पण तिची चाके दहा-बारा इंची, पाणंदीच्या चाकोरीत ती अडखळतात. साध्या मोटारसायकलची चाके अठरा इंची, खड्ड्यावरून चढून जातात. ज्यांना गिअर नको आणि रस्ता कच्चा आहे त्यांनी सोळा इंची चाकांची एक्सएल जातीची मोपेड बघावी. नव्वद किलोच्या आत असते, पडली तरी बाईमाणूस एकटी उचलते. शोभा नसेल तिला, पण आमच्या भागात अर्धी डेअरी तिच्यावर चालते.

शेवटी आम्ही घेतली ती १२५ सीसीची साधी गाडी. पुढे डिस्क ब्रेक, अकरा अश्वशक्तीच्या आतबाहेर, ११५ किलोच्या आसपास, सीट लांब आणि सपाट, मागे भक्कम कडी. नाव लिहीत नाही, उगीच जाहिरात वाटेल. तशा गाड्या चार कंपन्यांच्या आहेत. शंभरची घ्यावी की सव्वाशेची यावर मात्र घरात वाद झाला. मी शंभरच्या बाजूने होतो. त्याचे म्हणणे, आई मागे आणि पेंडीचे पोते पुढे असताना कारखान्याच्या चढावर शंभरची दमते. त्याचा मुद्दा बरोबर होता, म्हणून सव्वाशे ठरली. ऑन-रोड लाखाच्या घरात गेली. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आता घेणाऱ्याने त्या हिशोबाने भाव विचारावा.

वहिनींना गाडी गुढीपाडव्यालाच हवी होती. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. पण पाडव्याला शोरूममध्ये यात्रा भरलेली असते. मिस्त्री एकेक गाडी पाच मिनिटांत पुसून, हार घालून बाहेर काढतो. चेन ताणलेली आहे का, ब्रेकची वायर बसली आहे का, चाकात हवा किती, बघायला कोणाला वेळ? म्हणून पैसे पाडव्याला भरले, घरी नारळ फोडला, आणि गाडी आठ दिवसांनी आणली. त्या दिवशी दुकानात आम्ही तिघेच गिऱ्हाईक. मिस्त्रीने तासभर लावला, आणि पुतण्याला चेन कशी सैल-घट्ट करायची, तेल कुठून बघायचे हे दाखवले. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला सक्तीचा आहेच. चालवणाऱ्याचा अपघात विमाही आम्ही लावून घेतला, तो कोणी आपणहून सांगत नाही. हेल्मेट दोन घेतली, आयएसआय छापाची, एक त्याचे आणि एक वहिनींचे. हेल्मेट डोक्यात घालून हनुवटीखालचा पट्टा लावला आणि मान जोरात हलवली. फिरले नाही तेच घेतले. आरशाला अडकवून नेलेल्या हेल्मेटचा उपयोग आरशालाच.

शिकाऊ परवाना त्याने पाडव्याआधीच काढून ठेवला होता. पक्क्या परवान्याची परीक्षा किमान तीस दिवसांनी देता येते आणि शिकाऊ परवान्यावर, शिकवणारा परवानाधारक सोडून, मागे कोणाला बसवायचे नाही. हे तीस दिवस फार मोलाचे आहेत. आम्ही रोज सकाळी सहाला यात्रेच्या माळावर जात होतो. पहिले चार दिवस मूठ पिळायचीच नाही. नुसता क्लच सोडून गाडी माणसाच्या चालीने न्यायची आणि थांबवायची. वेगात गाडी कोणीही सरळ ठेवतो. सावकाश चालवता आली की ती हातात आली असे समजावे. मग आठाच्या आकड्यात फिरवणे, मग विटेची खूण करून तिच्याजवळ पुढच्या ब्रेकने थांबणे. विसाव्या दिवशी एकदा पडला, कोपर खरचटले, हळद लावून पुन्हा बसला. थोरल्या बंधूंनी मला राजदूत शिकवली ती याच माळावर, हे त्याला मी सांगितले नव्हते. चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनींनीच सांगितले, मला वाटते.

पहिले तीन महिने दुधाचे कॅन त्याच्याकडे दिले नाहीत. वीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलोच्या वर वजन, तेही लोंबकळते, आणि आतले दूध वळणावर हिंदकळते. अंधार पडल्यावर कारखान्याच्या रस्त्याने यायचे नाही, हेही ठरवले. उशीर झाला तर मामाकडे मुक्काम करायचा आणि फोन करायचा. दोन वेळा तसा राहिलाही.

आता दीड-दोन वर्षे झाली. कॅन तोच नेतो. वहिनी शुक्रवारच्या बाजाराला त्याच्या मागे बसून जातात. आधी एका बाजूला पाय टाकून बसत, आता ड्रेस शिवून घेतला आहे आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतात. म्हणतात, असे बसले की कंबर दुखत नाही. त्या स्पोर्ट गाडीचे वेड मात्र पोराचे गेलेले नाही. पुढच्या वर्षी शिक्षण संपून नोकरी लागली की स्वतःच्या पगारातून घेणार म्हणतो. घेऊ दे. बघायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे, आणि आधी ढकलून बघ म्हणून सांगणार आहे. वहिनींनी आत्ताच बजावून ठेवले आहे, की मागे धरायला कडी नसेल तर त्या गाडीवर त्या बसणार नाहीत, त्यांच्यासाठी ही जुनी ठेवायची.